सत्याऐंशी खोकी

विमान ताब्यात घेण्याच्या कामावर मी २०१९च्या एप्रिलअखेरीस गेले आणि पहिले चार दिवस मला विमान दिसलंच नाही. दिसली ती खोकी. तपकिरी पुठ्ठ्याची, मार्करने आकडे घातलेली, एकूण सत्याऐंशी. अंधेरी पूर्वेला एका गाळ्यात ती भिंतीला लावून रचली होती. मध्ये एक लांब टेबल, दोन पंखे आणि एक स्कॅनर. एका बोइंग ७३७-८०० विमानाचा जन्मापासूनचा सगळा इतिहास त्या खोक्यांत होता आणि तो पानापानाने वाचून काढायचा होता.

मी टेक्निकल रेकॉर्ड्सचं काम करते. विमानात बसवलेला प्रत्येक महत्त्वाचा भाग कुठे बनला, कधी बसवला, किती वापरला, कधी दुरुस्त झाला, कोणी तपासला, याचे कागद असतात. ज्या भागाचा कागद नाही तो नियमाच्या दृष्टीने भंगार, मग तो कितीही चकचकीत दिसो. त्यामुळे विमान एका कंपनीकडून दुसरीकडे जातं तेव्हा आधी आमच्यासारखी माणसं आत शिरतात आणि इंजिनीअर त्यानंतर. मला बोलावलं होतं डब्लिनच्या एका लीज कंपनीने, मुंबईतल्या एका छोट्या कंत्राटी फर्ममार्फत. त्यांचं हे विमान जेट एअरवेजकडे भाड्याने होतं. आता ते स्पाइसजेटकडे जायचं होतं.

जेटचं शेवटचं विमान १७ एप्रिलच्या रात्री अमृतसरहून मुंबईला निघालं. त्यानंतर उड्डाणं थांबली ती थांबलीच. ५ मे १९९३ रोजी सुरू झालेली ही कंपनी पंचवीस वर्षांत देशातल्या सगळ्यात मोठ्या विमान कंपन्यांपैकी एक झाली होती. ती सरकारी नव्हती. पण लंडनच्या, सिंगापूरच्या विमानतळावर ती निळी-सोनेरी शेपटी दिसली की आपल्या देशाचंच काहीतरी उभं आहे असं वाटायचं, आणि हे मला एकटीला वाटत नव्हतं. तिच्याकडे एकेकाळी सव्वाशेच्या आसपास विमानं होती. बंद पडायच्या आदल्या दिवशी त्यातली पाच उडत होती. बाकीची बरीचशी भाडं थकल्यामुळे मार्चपासूनच जमिनीवर उभी होती. कंपनी स्वतःच तसं शेअर बाजाराला कळवत होती. बँकांकडे तातडीने मागितलेले ४०० कोटी मिळाले नाहीत, आणि तिथे सगळं संपलं.

डोंबिवलीच्या आमच्या सोसायटीत तेव्हा जो तो मला विचारायचा, "स्पाइसजेटने जेट घेतली का गं?" घेतली नव्हती. हे समजावता समजावता मलाच त्या व्यवहाराचा आकार कळत गेला. कंपनी कोणीच विकत घेतली नाही. तिचे तुकडे झाले आणि प्रत्येक तुकडा वेगळ्या दाराने बाहेर पडला. विमानं बहुतेक भाड्याची, म्हणून ती आधी मालकांकडे, म्हणजे लीज कंपन्यांकडे परत गेली आणि त्यांनी ती नव्या कंपनीला ड्राय लीजवर दिली. ड्राय लीज म्हणजे नुसतं विमान; वैमानिक, विमा, देखभाल सगळं भाडेकरूचं. विमानतळावरच्या उतरण्या-उडण्याच्या वेळा, ज्यांना स्लॉट म्हणतात, त्या सरकारने काढून तात्पुरत्या वाटल्या. आणि माणसं गेली मुलाखतीच्या रांगेत.

स्पाइसजेटच का, याचं उत्तर विमानाच्या जातीत होतं. जेटचा देशांतर्गत ताफा मुख्यतः बोइंग ७३७चा. इंडिगो, गोएअर यांच्याकडे एअरबस. वैमानिकाचं रेटिंग, इंजिनीअरचं लायसन्स, सुट्या भागांचा साठा, सिम्युलेटर, सगळं विमानाच्या जातीला बांधलेलं असतं. ७३७ येऊन ते लगेच कामाला लागेल अशी घरं देशात कमी होती. स्पाइसजेट त्यांतलं मोठं. व्हिस्ताराने नंतर काही ७३७ घेतली, पण गरज खरी इथे होती, कारण इथियोपियातल्या अपघातानंतर १३ मार्चला भारताने ७३७ मॅक्स या नव्या प्रकारची विमानं जमिनीवर आणली आणि स्पाइसजेटची बारा मॅक्स एका दिवसात उभी राहिली. एकाकडे विमानं उभी, दुसऱ्याकडे मार्ग मोकळे. एप्रिलमध्येच स्पाइसजेटने सोळा ७३७-८०० ड्राय लीजवर घेणार असल्याचं जाहीर केलं होतं.

घाई होती ती स्लॉटमुळे. मुंबईत २८० आणि दिल्लीत १६० स्लॉट मोकळे पडले होते. मुंबईत एकेका स्लॉटसाठी कंपन्या वर्षानुवर्षं थांबतात. सरकारने सांगितलं की हे तीन महिन्यांपुरते मिळतील, आणि जो जास्तीची विमानं आणेल त्याला मिळतील. म्हणजे आधी विमान हवं. आणि विमान हवं तर आधी कागद हवेत. टेबलावरच्या माझ्या फायलीपासून विमानतळाच्या धावपट्टीपर्यंत ही अशी सरळ रेघ होती. डब्लिनहून आलेला प्रतिनिधी रोज सकाळी एकच प्रश्न विचारायचा, किती खोकी झाली?

कायद्याचा भाग त्या मानाने लवकर उरकला. विमानांच्या मालकांचे हक्क सांभाळणाऱ्या आंतरराष्ट्रीय केपटाऊन करारात भारत २००८ साली सामील झाला. त्यानुसार विमान भाड्याने घेताना कंपनी मालकाला एक कागद लिहून देते, त्याला सगळे इडेरा म्हणतात. हप्ते थकले तर मालक तो कागद डीजीसीएपुढे, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकापुढे ठेवून विमानाची नोंदणी रद्द करून मागू शकतो, आणि नियमाप्रमाणे पाच कामाच्या दिवसांत ती रद्द व्हावी लागते. आमच्या विमानाची झाली. पुढे २० जूनला जेट दिवाळखोरीच्या कायद्याखाली गेली आणि तिच्या मालमत्तेवर स्थगिती आली. तोवर जी विमानं सुटली ती सुटली. कंपनीच्या स्वतःच्या मालकीची होती त्यांतली काही मुंबईत वर्षानुवर्षं उभी राहिली. नंतरच्या काळात सांताक्रूझच्या बाजूने कधी जाणं झालं की मी ती शोधायचे.

तर खोकी. जेटचे रेकॉर्ड्स चांगले होते, हे मला मुद्दाम लिहायचं आहे. मी आधी दोन देशांतल्या बंद पडलेल्या कंपन्यांचे कागद पाहिले होते; पावसात भिजलेले, उंदरांनी कुरतडलेले, नुसते पोत्यात भरलेले. इथे तसं काही नव्हतं. तपासण्यांप्रमाणे लावलेले गठ्ठे, प्रत्येकावर अनुक्रमणिका, सही वाचता येईल अशी. ज्यांनी हे लावलं त्यांना शेवटच्या महिन्यांत आपल्या नोकरीचं काय होणार हे ठाऊक नव्हतं, तरी मार्चचे गठ्ठे जानेवारीच्या गठ्ठ्यांइतकेच नीट होते.

अडलं ते इंजिनात. ७३७-८००ला दोन सीएफएम५६-७बी इंजिनं असतात. त्यांत फिरणाऱ्या अठरा-वीस भागांना आयुष्याची मर्यादा ठरवून दिलेली असते: काहींना २० हजार सायकल, काहींना २५, काहींना ३०. एक सायकल म्हणजे एक उड्डाण आणि एक उतरणं. या भागांना एलएलपी म्हणतात. त्या प्रत्येकाची पहिल्या दिवसापासूनची अखंड साखळी दाखवावी लागते. व्यवसायात त्याला बॅक-टू-बर्थ म्हणतात. मधली एक कडी गेली की तो भाग वापरलेला किती आणि उरलेला किती हे कोणालाच सांगता येत नाही, मग तो काढून टाकण्यावाचून मार्ग राहत नाही.

डाव्या इंजिनातली उच्च दाबाच्या टर्बाइनची डिस्क मूळची या विमानाची नव्हती. इंजिन काही वर्षांपूर्वी परदेशातल्या एका वर्कशॉपमध्ये उघडलं होतं, तेव्हा त्यांनी वापरलेली, पण आयुष्य शिल्लक असलेली डिस्क बसवली होती. हे सर्रास होतं, त्यात गैर काही नाही. त्या वर्कशॉपने तिच्यासोबत आधीचा इतिहासही दिला होता. फक्त त्यात २००९ ते २०११ या काळाचं पान नव्हतं. दोन वर्षांत ती डिस्क किती सायकल फिरली, याचा वापरणाऱ्या कंपनीने सही करून दिलेला दाखला नव्हता. वर्कशॉपला लिहिलं. त्यांचं उत्तर आलं की आमच्याकडे जेवढं आलं तेवढं आम्ही पुढे दिलं.

मी आकडे जुळवले. २००९चा शेवटचा आकडा आणि २०११चा पहिला आकडा यांतला फरक पटण्यासारखा होता. दिवसाला पाच-सहा उड्डाणं, युरोपातल्या छोट्या मार्गांवर असतात तशी. पण पटणं वेगळं आणि दाखला वेगळा. डब्लिनच्या माणसाने शांतपणे सांगितलं, "दाखला नाही तर इंजिन उतरवायचं." इंजिन उतरवून उघडणं, डिस्क बदलणं, पुन्हा जुळवणं, तपासणं, खर्च कोट्यवधींचा आणि वेळ कित्येक महिन्यांचा. स्लॉट तेवढं थांबणार नव्हते.

त्या दोन वर्षांत डिस्क ज्या कंपनीकडे होती ती युरोपातली कंपनी स्वतःच बंद पडलेली होती. मी रात्री घरी जेवण उरकून लॅपटॉप उघडायचे, कारण तिकडची संध्याकाळ आपल्या रात्रीत येते. मोडीत निघालेल्या कंपनीचा कारभार तिथे कोर्टाने नेमलेला अधिकारी पाहतो. त्या अधिकाऱ्याचं कार्यालय शोधलं. त्यांनी सांगितलं की सगळे कागद एका साठवण कंपनीकडे आहेत. त्या कंपनीने सांगितलं की खोक्याचा नंबर द्या. नंबर कुठून द्यायचा? इंजिनाचा अनुक्रमांक दिला, डिस्कचा दिला, तारखा दिल्या. सासूबाई म्हणाल्या, "अगं, एवढ्या रात्री कोणाशी बोलतेस?" मी म्हटलं, एक कागद हरवलाय. त्या म्हणाल्या, "मिळेल. ठेवणाऱ्याने ठेवला असेल तर मिळेल."

नवव्या दिवशी मेल आला. एक स्कॅन केलेलं पान, थोडं तिरकं, कोपऱ्यात कॉफीचा डाग. खाली सही, शिक्का आणि आकडा. माझ्या हिशेबापेक्षा फक्त अकरा सायकल जास्त. ते पान जिने कोणी शोधून, खोकं काढून, काचेवर ठेवून स्कॅन केलं तिला मी लांबलचक आभार लिहिले. एका बंद पडलेल्या कंपनीचा कागद दुसऱ्या बंद पडलेल्या कंपनीच्या खोक्यात गेला आणि त्याच्या जोरावर इंजिन पंखावर राहिलं.

दुसरी गोष्ट मला त्या डिस्कपेक्षाही महत्त्वाची वाटते. ती चौऱ्याऐंशी नंबरच्या खोक्यात सापडली.

विमान उभं राहिलं की आपोआप टिकत नाही. विशेषतः मुंबईत, जिथे खाडीची खारी हवा आत शिरते. इंजिनांची तोंडं झाकावी लागतात. ओल शोषणाऱ्या पिशव्या ठेवून त्या बदलाव्या लागतात. इंधनाच्या टाकीच्या तळाशी साचलेलं पाणी काढावं लागतं, नाहीतर त्यात बुरशी धरते. चाकं थोडी फिरवून ठेवावी लागतात, म्हणजे टायर एकाच जागी दबत नाही. हवेचा वेग मोजणाऱ्या नळ्यांवर टोप्या आहेत ना हे पाहावं लागतं, कारण त्यांत कुंभारमाशीने घर केलं तर पुढचं उड्डाण जिवावर बेततं. हे सगळं ठरलेल्या दिवसांनी करायचं आणि केल्याची नोंद ठेवायची. नोंद तुटली तर इंजिन आतून गंजलं नाही याचा भरवसा कोण देणार? मग पुन्हा तपासण्या, पुन्हा आठवडे.

आमचं विमान मार्चच्या अखेरीस उभं राहिलं होतं. मला धास्ती होती ती १७ एप्रिलनंतरची. कंपनीच थांबल्यावर उभ्या विमानाकडे कोण बघेल? लीज कंपनीने नेमलेल्या देखभाल फर्मने ताबा घेतला तो मेच्या दुसऱ्या आठवड्यात. मधले तीन-चार आठवडे कोरे असणार हे मी धरूनच चालले होते, डब्लिनच्या माणसाला तसं सांगूनही ठेवलं होतं.

खोकं उघडलं. दर सात दिवसांचे कागद ओळीने लागलेले होते. २४ मार्च, ३१ मार्च, ७ एप्रिल, १४ एप्रिल, २१ एप्रिल, २८ एप्रिल, ५ मे. सगळे रविवार. प्रत्येक ओळीपुढे निळ्या शाईत तोच शिक्का, २३८ नंबर, आणि त्याखाली बारीक, उभट सही. १४ एप्रिलचा कागद आणि २१ एप्रिलचा कागद मी शेजारी ठेवून पाहिले. दोन्हींत काहीच फरक नव्हता. तीच कामं, तोच क्रम, पिशव्यांच्या रंगाची तीच नोंद. मध्ये वीसेक हजार माणसांची कंपनी थांबली होती आणि त्या कागदावर त्याची खूणसुद्धा नव्हती.

२८ एप्रिलच्या कागदावर एक जास्तीची ओळ होती: उजव्या इंजिनाच्या झाकणाची दोरी उन्हाने कुजली होती, नवी बांधली. दुसऱ्या दिवशी मुंबईत लोकसभेचं मतदान होतं, सुट्टी होती, अर्धी मुंबई गावाला गेलेली. हा माणूस दोरी आणून बांधत होता.

मी ते सातही कागद डब्लिनच्या माणसापुढे ठेवले. त्याने चष्मा काढून, पुन्हा लावून ते वाचले. म्हणाला, "हा कोण आहे?" मला माहीत नव्हतं. शिक्क्याला नाव नसतं. नंबरांची यादी जेटच्या क्वालिटी विभागात असायची आणि त्या विभागात आता फोन उचलायला कोणी नव्हतं.

विमान मी पाचव्या दिवशी पाहिलं होतं, ते राहिलंच सांगायचं. हँगरच्या कडेला, उन्हात. जवळून ७३७ छोटं वाटतं. पोटाखालून जायचं तर वाकावं लागतं. शेपटीवरचा निळा-सोनेरी रंग तसाच होता. पुढे तो पांढऱ्याखाली गेला तेव्हा मी तिथे होते. रंगाचा वास डोक्यात चढत होता, तरी हलावंसं वाटलं नाही. त्या वर्षी मुंबईत पाऊस फार उशिरा, २५ जूनला आला. रंगकाम करणारी मुलं रोज आकाशाकडे पाहून कामाला लागायची.

आत १६८ खुर्च्या होत्या. पुढच्या बारा बिझनेस क्लासच्या, रुंद. स्वस्त तिकिटाच्या कंपनीत अशा खुर्च्यांचं काय काम, असं मला वाटलं, पण त्या काढून नव्या बसवायच्या तर आराखडा, मंजुरी, खुर्च्यांची ऑर्डर, महिने गेले असते. त्याऐवजी स्पाइसजेटने मेमध्ये स्वतःचा बिझनेस क्लासच सुरू केला, त्याला स्पाइसबिझ नाव दिलं. व्यवसाय असा चालतो हे मी तिथे पाहिलं. जे हाती आलं त्याभोवती धोरण बेतलं गेलं. मेअखेरीस त्यांच्या ताफ्याने शंभरी गाठली. खुद्द स्पाइसजेटही अशाच एका राखेतून उठलेली आहे. १९९६ साली बंद पडलेल्या मोदीलुफ्तची कंपनी पुढे रॉयल एअरवेज झाली आणि २००५ साली स्पाइसजेट. आणि जेटने २००७ साली एअर सहारा १,४५० कोटींना घेतली होती. आपल्याकडच्या विमान कंपन्यांची वंशावळ मांडायला बसलं तर ती अशी एकमेकांत गुंतलेली निघते.

नव्या कंपनीचे लोक स्वीकृतीसाठी मेच्या तिसऱ्या आठवड्यात आले. त्यांना प्रत्येक दाखला पाहून सही करायची असते. ती त्यांची जबाबदारी, कारण एकदा सही केली की चूक त्यांची. चौघं होते. तिघं चाळिशीच्या आतले, आणि एक काका, पन्नाशी ओलांडलेले, गळ्यात तात्पुरता पास. ते थोडे बाजूला उभे होते, नव्या जागी पहिल्या दिवशी माणूस उभा राहतो तसे. मी त्यांच्यापुढे चौऱ्याऐंशी नंबरचं खोकं ठेवलं.

"हे उभं असतानाचे कागद आहेत काका. तुम्ही हे बघता?"

त्यांनी पहिला कागद उचलला आणि लगेच खाली ठेवला.

"ताई, हे दुसऱ्या कोणाला तरी द्या."

"का?"

"हे माझं आहे. माझं काम मीच पास करायचं, हे बरोबर नाही."

मी त्यांच्याकडे पाहत राहिले. नंतर विचारलं, "दोनशे अडतीस?" त्यांनी मान हलवली.

कागद त्यांच्यातल्या एका तरुण इंजिनीअरने तपासले. त्याने प्रश्न विचारले, पिशव्या कोणत्या कंपनीच्या, पाणी काढलं त्याचा नमुना कुठे. काकांनी इतर कोणी विचारावं आणि आपण उत्तर द्यावं तशी, उभ्यानेच, सगळी उत्तरं दिली. तपासणारा त्यांच्या मुलाच्या वयाचा होता. त्यांनी एकदाही आवाज चढवला नाही, एकदाही "मी सांगतोय ना" म्हटलं नाही. दुर्बिणीने, म्हणजे बोरोस्कोपने, दोन्ही इंजिनं आतून पाहिली गेली. गंजाचा ठिपका नव्हता. सातही कागद मंजूर झाले.

दुपारी डबा खाताना मी त्यांना विचारलं की १७ तारखेनंतर तुम्हाला यायला सांगितलं होतं का. ते म्हणाले, सांगायला कोण होतं? आम्ही चार-पाच जण आपसांत वार वाटून घेतले. माझ्याकडे हे विमान आणि रविवार आधीसारखाच राहिला, कारण बाकीच्या दिवशी मुलाखतींना जावं लागत होतं. झाकणाची दोरी त्यांनी कुर्ल्याहून आणली होती.

त्यांनी सुरुवात ईस्ट-वेस्ट एअरलाइन्समध्ये केली होती. ती १९९६ साली बंद पडली, मग सहारा, मग सहारा जेटमध्ये गेली तेव्हा तेही गेले. "पहिली बंद पडली तेव्हा मुलगी तीन महिन्यांची होती. आता तिचं लग्न ठरलंय," एवढंच म्हणाले आणि डब्याचं झाकण लावलं.

इंजिनीअरचं लायसन्स डीजीसीएचं असतं. कंपनी गेली तरी ते त्याच्याकडेच राहतं. पण त्यावर काम करायचं ऑथोरायझेशन कंपनी देते आणि ते कंपनीबरोबर संपतं. काकांना नव्या कंपनीत पुन्हा कार्यपद्धतीचं प्रशिक्षण, पुन्हा परीक्षा, पुन्हा मूल्यमापन. तोवर त्यांना कशावरही शिक्का मारता येणार नव्हता. त्या डिस्कचा जन्मापासूनचा हिशेब मिळावा म्हणून आम्ही नऊ रात्री युरोपात कागद शोधला. काकांच्या सत्तावीस वर्षांचा हिशेब त्यांनी स्वतःच एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून आणला होता, आणि मुलाखतीत तो कोणी पूर्ण चाळला नव्हता. हे मला तेव्हा खुपलं आणि आजही खुपतं. त्यांना एप्रिलमध्येच बोलावलं गेलं, हे चांगलंच झालं. स्पाइसजेटने पहिल्या काही दिवसांत जेटच्या पाचशेहून अधिक लोकांना घेतलं होतं, त्यांत ते होते. एअरबस न येणाऱ्या कितीतरी जणांना मात्र इतक्या लवकर दार सापडलं नाही.

माझ्या हातात होतं तेवढं मी केलं. लीज कंपनीला द्यायच्या अहवालात इंजिनं चांगल्या स्थितीत असल्याचं कारण एका ओळीत लिहायचं असतं. साधारण लिहितात, जतन नियमानुसार झालं. मी लिहिलं, शिक्का क्रमांक २३८ने २४ मार्च ते ५ मे असं सलग सात आठवडे जतन केलं, त्यांपैकी तीन आठवडे कंपनीची उड्डाणं थांबल्यानंतरचे. डब्लिनच्या माणसाने ती ओळ तशीच ठेवली.

नोंदणीची अक्षरं बदलली तेव्हा दाराजवळची छोटी पोलादी पट्टीही बदलली. विमान जळालं तरी ओळख पटावी म्हणून ती न जळणारी असते. ट्रान्सपॉन्डरचा कोड, आपत्कालीन बीकनची नोंद, पंखाखालची मोठी अक्षरं, सगळं नवं. जूनच्या पहिल्या आठवड्यात तपासणीचं उड्डाण झालं. आम्ही हँगरच्या सावलीत उभे होतो. काकांना अजून शिक्का मिळाला नव्हता, म्हणून त्यांना त्या दिवशी विमानाला हात लावायचा नव्हता, पण ते आले होते. विमान टेकडीच्या बाजूला वळेपर्यंत त्यांनी पाहिलं, मग घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "चला, पाळी सुरू होईल."

खोकी त्याच संध्याकाळी टेम्पोत भरली. टेम्पोवाल्याने मोजून सही केली: एक्याण्णव. चार वाढली होती. त्या चारांत डब्लिनचा पत्रव्यवहार, बोरोस्कोपची छायाचित्रं, युरोपातून आलेलं ते तिरकं पान आणि नोंदणीचे नवे कागद होते. शेवटच्या खोक्याला मी चिकटपट्टी लावली नाही, कारण पुढच्या रविवारपासून त्यात आणखी कागद यायचे होते.